तो नंबर तिच्या नवऱ्याचा होता

ताई, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात एका छोट्या संस्थेत मी नऊ वर्षं काम करते. पाळी, गर्भनिरोधक, सुरक्षित गर्भपात याबद्दल बायकांशी बोलायचं आणि जिला गरज असेल तिला मान्यताप्राप्त दवाखान्यात सोबत घेऊन जायचं, असं काम आहे. दर महिन्याला संस्थेला यादीही द्यावी लागते. आमच्याकडची निम्मी गावं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, मग पाच-सहा महिने सगळं फोनवर. डिसेंबरात मी एका बाईला मेसेज केला, ‘डॉक्टरांनी दिलेल्या दुसऱ्या गोळ्या घेतल्या का? अंगावरून किती जातंय?’ तो नंबर तिच्या नवऱ्याचा होता आणि फोन त्याच्याच हातात होता. तिला मार बसला. आता ती माझ्याशी बोलत नाही. त्यानंतर कुणीतरी गावच्या ग्रुपवर माझा फोटो आणि नंबर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही बाई पोटातली मुलगी पाडून देते.’ रात्री-अपरात्री फोन येतात. भाचा म्हणतो नंबर बदल, व्हीपीएन घे, सिग्नल वापर. अमेरिकेत बायका पाळीची ॲप काढून टाकतायत असा व्हिडिओही त्यानं दाखवला. मला यातलं फार कळत नाही. काय करू? आणि त्या बाईची माफी कशी मागू?
– एक कार्यकर्ती

प्रिय मैत्रिणी,

उत्तर लिहायला बसण्याआधी मी एक काम उरकलं. पत्रासोबत तुम्ही जोडलेले चारही स्क्रीनशॉट पुसून टाकले. त्यात दोन बायकांचे अख्खे नंबर दिसत होते आणि एकात वर सेव्ह केलेलं नावही, ‘मंगल १० आठवडे’. (मूळ नाव मी इथे बदललंय.) रागावत नाहीये. मला विश्वासानं दाखवलंत. पण असं नाव तुमच्या फोनमध्ये आहे, म्हणजे मंगलची गोष्ट तुमचा फोन ज्याच्या हाती पडेल त्याची आहे. भावजयीनं ‘जरा नेट दे गं’ म्हणून फोन घेतला तरी तिची.

भाचा खोटं बोलत नाही, पण तो दुसऱ्याच घराला कुलूप लावतोय. अमेरिकेत २४ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांत तो गुन्हा ठरला. त्याच वर्षी नेब्रास्कात एका आई-मुलीच्या प्रकरणात पोलिसांनी वॉरंट काढून दोघींचं गोळ्यांबद्दलचं बोलणं थेट फेसबुककडून मिळवलं. तेव्हा फेसबुकच्या मेसेंजरवरचे संदेश आपोआप कुलूपबंद (म्हणजे मधल्या कुणाला, कंपनीलाही, वाचता न येणारे) नसायचे, ते डिसेंबर २०२३ पासून व्हायला लागले. म्हणून तिथल्या बायकांनी पाळीच्या ॲपची धास्ती घेतली, ते बरोबरच आहे. तिथे कंपनीकडे पडलेला मजकूर उद्या सरकारी वकिलाच्या टेबलावर जाऊ शकतो.

आपल्याकडे गर्भपात १९७१ च्या कायद्यानं कायदेशीर आहे, त्याच्या अटींत राहून. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती द्यावी लागते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही (दवाखाने मागतात, तो वेगळा संताप). २०२१ च्या दुरुस्तीनं मुदत वाढली आणि सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित बाईलाही त्या वाढीव मुदतीत धरलं. त्यामुळे तुमच्या बायकांना पहिली भीती वॉरंटची नाही. पहिली भीती सासूची, नवऱ्याची, मुकादमाची, गावच्या ग्रुपची. त्या बाईचा मेसेज कुणी हॅक केला नाही. तो आला, स्क्रीन उजळली, त्यानं वाचला. व्हीपीएन इंटरनेटवरची आपली वाट लपवतं, ते इथे काय करणार? सिग्नल चांगलं ॲप आहे, मी स्वतः वापरते. पण उसाच्या फडातल्या फोनवर ते नसतं, आणि एखाद्या बाईच्या फोनवर अचानक दिसलं तर ‘हे कसलं ॲप?’ हा प्रश्न त्याच संध्याकाळी येईल.

तर फोन ज्या जागी आहे तिथून सुरुवात करू. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, फोन एक, माणसं पाच. चार्जिंग कुठल्या तरी टपरीवर किंवा ट्रॅक्टरवाल्याकडे. रिचार्ज नवरा मारतो, म्हणून फोन त्याचा. बाईला वाचता येत नसेल तर मेसेज पोरगा वाचून दाखवतो. व्हॉइस मेसेज तर त्याहून वाईट, कारण तो स्पीकरवरच वाजतो आणि कोपीला भिंती नसतात. ह्या जागी सगळ्यात सुरक्षित मेसेज म्हणजे न पाठवलेला मेसेज. बाई तुमच्याकडे पहिल्यांदा येते, समोर बसते, ती अर्ध्या तासाची भेट सोन्याची असते. तेव्हाच विचारून घ्यायचं. हा नंबर कुणाकडे असतो? फोन तुझ्या हातात कधी असतो? दुसरं कुणी उचललं तर मी कोण म्हणून सांगू? टोळीतली एखादी विश्वासाची बाई आहे का? आणि फोन तिनं करायचा, तुम्ही नाही. मिस्ड कॉल द्यायचा, पण तोही कसा, तर ती मिस्ड कॉल देईल आणि तुम्ही लगेच, त्याच मिनिटाला उलट लावाल, कारण तेव्हा फोन तिच्या हातात आहे हे नक्की. दहा मिनिटांनी लावलात तर तो कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. उचलल्यावर पहिलं वाक्य कुठलंही चालेल, ‘बचतगटाचा हप्ता राहिलाय बाई.’ ती ‘हो ताई, बोला’ म्हणाली तर बोला. ‘आत्ता नाही’ म्हणाली तर खरोखरच हप्त्याबद्दल दोन वाक्यं बोला आणि ठेवा.

सांकेतिक शब्दांचा फार सोस करू नका. ‘पार्सल मिळालं का’ असला मेसेज नवऱ्यानं वाचला तर खऱ्याहून जास्त संशय येतो.

चुकीचा मेसेज गेलाच तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं. मात्र मागे ‘हा मेसेज पुसला’ अशी ओळ राहते. कधी कधी ती ओळच भांडणाला पुरते. पुसायचं की राहू द्यायचं हे मेसेज कुठला होता त्यावर ठरवा. तुमचा होता तो पुसण्यासारखा होता, पण तोवर वेळ गेली होती.

आता तुमचा स्वतःचा फोन. स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, वर कोपऱ्यात गूगल शीटचं चिन्ह. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की संस्थेला दर महिन्याला यादी द्यावी लागते. ती यादी तुमच्यापुरती आहे, की ‘लिंक असेल त्याला उघडेल’ अशी ठेवलेली आहे? दहापैकी नऊ संस्थांत ती तशीच असते, कारण कार्यकर्त्यांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत आणि साहेबांना घाई असते. त्यात रकाने काय असतील तेही मी न बघता सांगते. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय, मुलं किती, किती आठवडे, दवाखाना, तारीख.

ह्यावर उपाय तुमच्या भाच्याच्या जन्माआधीच कुणीतरी शोधून ठेवलाय, तोही कागदावर. गर्भपात कायद्याखालची नियमावली वाचून बघा. दवाखान्यातलं दाखल-रजिस्टर हा गुप्त दस्तऐवज. बाईला त्यात एक अनुक्रमांक मिळतो, दर जानेवारीत क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात आणि पुढे साल लावतात, म्हणजे ५/२०२४ असं. त्यानंतर केसपेपर असो की ऑपरेशन थिएटरची वही, सगळीकडे बाई म्हणजे फक्त ५/२०२४. तिचा संमतीपत्राचा कागद पाकिटात, पाकीट सीलबंद, वर क्रमांक आणि ‘गुप्त’ हा शब्द, आणि पाकीट दवाखान्याच्या प्रमुखाच्या ताब्यात. नाव एकाच ठिकाणी, बाकी सगळीकडे आकडा. ज्यांनी हे लिहिलं त्यांना संगणकाचा गंध नसेल, पण तालुक्याच्या दवाखान्यात कोण कोण डोकावतं हे त्यांना नीट ठाऊक होतं.

हेच उचला. शीटमध्ये क्रमांक, महिना, वयोगट, काय मदत केली. बस. गाव नको, कारण तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘वय २३, दोन मुली’ एवढ्यावर सगळ्यांना नाव कळतं. क्रमांक कुणाचा हे एका छोट्या वहीत, ती वही कुलपात, आणि काम संपलं की ते पान फाडून जाळायचं. देणगीदाराला आकडे लागतात, नावं लागत नाहीत. साहेब नावं मागत असतील तर ‘कशासाठी’ हे लेखी मागा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

एक मात्र सांभाळा. जुन्या शीटमधून नावं नुसती पुसून भागत नाही. ‘व्हर्जन हिस्ट्री’ उघडली की कालचं, परवाचं, दोन वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं परत येतं. नवीन कोरी शीट करा, आकडे त्यात हातानं घ्या, जुनी काढून टाका आणि कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर तिथे ती तीस दिवस बसून राहते. आणि हे सगळं कुठली पोलीस चौकशी किंवा नोटीस नसेल तेव्हाच. तशी काही सुरू असेल तर एक ओळही पुसू नका, आधी वकील गाठा. पुरावा नष्ट केला हा आरोप तुमच्या कामाला मूळ आरोपापेक्षा महाग पडेल.

कायद्याचं आणखी एक टोक इथे टोचतं. २०२१ च्या दुरुस्तीत कलम ५-अ आलं. बाईचं नाव-गाव उघड करायचं नाही, कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच सांगायचं, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण हे बंधन नोंदणीकृत डॉक्टरवर आहे. तुम्ही डॉक्टर नाही. म्हणजे डॉक्टरांच्या पाकिटावर सील आहे आणि तुमच्या फोनमध्ये तेच नाव उघडं, वर ‘१० आठवडे’सकट. सील तुम्हीच लावायचं.

फोनच्या सेटिंग्जवर एक दुपार घालवा, भाच्यालाच शेजारी बसवा, त्याचा हुरूप इथे कामी येईल. सगळ्यात आधी नावं बदला. ‘मंगल १० आठवडे’ नव्हे, नुसतं ‘मंगल गट’. लक्षात घ्या, कॉन्टॅक्ट तुमच्या जीमेलला जोडलेले असतात, ते जीमेल घरातल्या ज्या ज्या फोनवर, टॅबवर उघडलंय तिथे ही नावं पोचलेली आहेत. मग लॉकस्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये ही सोय. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा, संस्थेच्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप गेल्या वर्षीपासून चालू निघेल, पैज लावते. टू-स्टेप पिन लावा. बायका सोनोग्राफीचा कागद फोटो काढून पाठवतात, तो गॅलरीत आपोआप उतरू नये म्हणून ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद. चॅट कुलूपबंद असलं तरी त्याचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर उघडाच जातो, वेगळं एन्क्रिप्शन आपण चालू केलं नाही तर. ते चालू करा किंवा बॅकअपच नको. मेसेज चोवीस तासांत किंवा सात दिवसांत आपोआप नाहीसे होण्याची सोय चांगली, पण समोरच्यानं स्क्रीनशॉट घेतला तर ती काही वाचवत नाही. फोन उघडायला बोटाऐवजी सहा आकडी पिन ठेवा. झोपलेल्या माणसाचं बोट उचलून लावता येतं, पिन विचारावा लागतो.

मी शहाणपणा सांगतेय खरं, पण माझंही एकदा असंच झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वी स्क्रीन फुटली म्हणून फोन दुकानात टाकला. मुलानं पिन विचारला, ‘टच चालतो का बघायला लागेल मॅडम’, मी दिला. दोन दिवसांनी फोन आणायला गेले तर तो मुलगा माझ्याकडे बघेना. काही वाचलं असेल, नसेल, मला कधीच कळलं नाही. पण त्या फोनमध्ये तेव्हा चाळीसेक बायका होत्या. घरी येऊन जेवण गेलं नाही. तेव्हापासून दुरुस्तीला द्यायचा तर समोर बसून करून घेते, नाहीतर आधी सगळं रिसेट.

ग्रुपवरच्या त्या पोस्टकडे येऊ. ‘पोटातली मुलगी पाडून देते’ ही शिवी साधी नाही, तो गुन्ह्याचा आरोप आहे. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा आपल्या राज्यानं देशात सगळ्यात आधी, १९८८ ला केला, मग १९९४ ला केंद्राचा आला. लोकांच्या डोक्यात ते आणि गर्भपाताचा कायदा ह्यांची खिचडी झालेली असते, आणि तुमच्या विरोधकाला ती खिचडी सोयीची आहे. ग्रुपवर वाद घालू नका. तुमचं प्रत्येक उत्तर त्या पोस्टला पुन्हा वर आणतं आणि रागात तुमच्याकडूनच एखादं नाव निसटेल. स्क्रीनशॉट घ्या, पण पूर्ण. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ सगळं दिसलं पाहिजे. रात्रीच्या कॉलची यादी तशीच ठेवा, कंटाळून पुसू नका. मग संस्थेच्या लेटरहेडवर तक्रार, पोलीस ठाण्यात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, निनावी धमकी असेल तर शिक्षा वाढते. बदनामीला ३५६. बाईचा सतत पाठलाग, ऑनलाइन धरून, कलम ७८. ठाण्यात ‘१९३० ला लावा’ म्हणून वाटेला लावतील. तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीचा आहे, तुम्ही लेखी तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नका. सोबत कुणीतरी न्या. एकटी गेलेली बाई आणि दोघी गेलेल्या बाया यांना ठाण्यात मिळणारी खुर्ची वेगळी असते.

नंबर बदलायचा का? मी म्हणेन, नाही. तो नंबर नऊ वर्षांत शंभर बायकांनी पाठ केलाय, कुणी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला असेल. तो बंद झाला तर त्या पोस्टवाल्याचं काम फत्ते. दुसरं सिम घ्या, पण घरच्यांसाठी, बँकेसाठी. जुना नंबर साध्या बटणांच्या फोनमध्ये टाका, ज्यात व्हॉट्सॲप नाही, गॅलरी नाही, बॅकअप नाही. रात्री दहाला तो बंद. अडल्यानडल्या बाईला रात्री कुठे लावायचं ते आधीच सांगून ठेवा, १०८ आहे, दवाखान्याचा नंबर आहे. आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून स्वतःला फोन करून बघा, स्क्रीनवर तुमचं नाव काय झळकतं. नाव दाखवणाऱ्या ॲपवर कुणी ‘गर्भपातवाली’ म्हणून चढवलं असेल तर ते बदलता किंवा काढता येतं. तुमच्यासाठी नाही म्हणत मी. तुमचा कॉल ज्या बाईच्या नवऱ्याच्या फोनवर जाईल तिच्यासाठी.

तुमचं स्वतःचं नाव लपवायची गरज मला वाटत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं ते स्वतःच्या नावानं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. उघडं नाव असलं की माणसं उभी राहायला येतात. आज तुमच्या गावात आशाताई आहे, अंगणवाडीच्या बाई आहेत, कदाचित सरपंचबाईही. त्यांना ही पोस्ट स्वतः दाखवा, दुसऱ्यांकडून कळायच्या आत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. अठरा वर्षांखालची मुलगी आली तर नियम बदलतात. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नं प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या त्याच निकालात सवलत दिली, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड न करता कळवता येईल, पण ती सवलत डॉक्टरांना. तुम्ही तीच गृहीत धरू नका. अशा वेळी मुलीला घेऊन सरळ डॉक्टरकडे जा, आणि तिच्याबद्दल तुमच्या फोनवर एक अक्षर लिहू नका.

आता ती बाई. माफी मागायचीच, पण फोनवर नाही आणि कुणाच्या हाती निरोप देऊनही नाही. फोन अजून त्याच्याकडेच आहे. टोळ्या पाडव्याच्या आसपास परततील. तोवर तिची खुशाली टोळीतल्या दुसऱ्या बाईकडून, कारण न सांगता, काढत राहा. मार थांबलेला नाही असं कळलं तर वाट बघू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला लावा आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला गाठा. परत आली की तुमच्याऐवजी आधी आशाताईला जाऊ द्या, लसीकरणाच्या वहीच्या निमित्तानं, ती सगळ्यांच्याच घरी जाते. भेटायचं की नाही हे तिला ठरवू द्या. भेटली तर ‘मला वाईट वाटलं’ इथून सुरुवात नको. तो मेसेज मी केला, चूक माझी होती, आणि आता कुणालाच मी तसा मेसेज करत नाही, एवढं सांगा. मग वहीतलं तिचं पान तिच्या हातात द्या. चूल पेटलेलीच असेल.